एकच बियाणं, दोन गावच्या माश्या

आमच्या मिरजेत 'गाद' म्हणजे तळाशी बसलेला गाळ. विहिरीत गाद साचते, तेलाच्या डब्यात गाद राहते. त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावातून वच्छलाबाईंचा फोन आला, "ताई, आमच्या धानाले गाद लागली वो, काई करा," तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहिणारी मी तासाभरात पत्रक लिहून छापखान्यात पोचवलं: 'तलावांतली गाद उपसा, धान वाचवा!' छपाई सुरू होण्याआधी मजकुरात एखादा आकडा हवा म्हणून बाईंना उलट फोन केला आणि विचारलं, गाद साधारण किती फूट आहे? पलीकडे चार-पाच बायकांचं एकदम हसणं. "फूट? आवो बाई, डासावाणी माशी असते ते!"

गादमाशी. तिची अळी धानाच्या कोंबात शिरून बसते आणि जिथून लोंबी यायची तिथून कांद्याच्या पातीसारखी पोकळ, पांढुरकी नळी निघते. तिला पोंगा म्हणतात. पोंगा आला की त्या फुटव्याला लोंबी नाही. भाताच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात, आणि बांधीत जिकडेतिकडे पोंगे दिसले की गाद लागली म्हणायचं.

पहिलं पत्रक मी छापखान्यातून परत आणलं. दुसरं आणलं नाही. हा सगळा प्रवास त्या दुसऱ्या पत्रकापायी झाला.

बाईंच्या गावाने कुरखेड्याच्या हमीदभाईंच्या दुकानातून आणून पेरलेल्या बियाण्याच्या पोत्यावर 'गादमाशीला प्रतिकारक' असं छापलेलं होतं. प्रतिकारक म्हणायचं आणि माशी लागायची, म्हणजे बियाणं बोगस. यात आणखी विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. 'बोगस बियाणं विकणाऱ्या हमीदभाईंचा परवाना रद्द करा!' पाचशे प्रती काढल्या, एसटीने गावात धाडल्या. गावाने तक्रारअर्जावर सह्या आणि अंगठे घेतले. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी अर्ज तालुक्याला जायचा आणि त्यावर हमीदभाईंच्या दुकानाचा निकाल लागायचा, असं ठरलं. फक्त एका जाणकाराची सही कमी होती.

ती सही मी मेश्राम मॅडमकडे मागितली. त्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि सुट्टी मिळाली की गादमाशीच्या पेशी बघत बांधाबांधाने फिरतात. फोनवर म्हणाल्या, "सही नाही देत. गाडीत एक जागा आहे. नागभीडला उतरा." मला वाटलं, चार दिवस सोबत राहिलं की सही मिळेलच. माझी चिकाटी आमच्या संघटनेत प्रसिद्ध आहे.

नागभीड

मॅडम स्टेशनावर आल्या त्या डोक्यावर लेकाची क्रिकेटची टोपी घालून. पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. "तुम्हीच का त्या गाद उपसणाऱ्या?" बातमी माझ्या आधी उतरली होती.

नागभीड त्यांचं माहेर. जेवायला वास्त्याची भाजी होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. चव आधी हळूच कडवट, मग चांगली. मी दोन घास खाऊन भाकरीची वाट बघत बसले. आमच्याकडे भात शेवटी येतो, पाहुण्यासारखा. इथे भात आधी, भात मध्ये आणि भात शेवटी. मॅडमच्या भावजय काळजीत पडल्या. "काऊन थांबल्या? भात नाई आवडला?" भाकरी असं मी पुटपुटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

दुपारी भावाच्या बांधीत गेलो. त्याने तेच बियाणं पेरलं होतं, हमीदभाईंच्या साडूच्या दुकानातून आणून. गुडघाभर हिरवंगार धान. मी ओळीओळीने वाकून तासभर पोंगे शोधले. एक नाही.

"म्हणजे इथे चांगलं पोतं आलं आणि तिकडे बोगस पोतं गेलं," मी म्हटलं.

"लिहून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "फक्त खाली खोडायला जागा सोडा."

मग ओसरीवर त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला. शेजारच्या जुन्या वाणाच्या बांधीत दोन-चार पोंगे मिळाले होते. एक पोंगा उभा चिरला तर तळाशी जिऱ्याएवढी अळी. मॅडमनी दोन सुयांनी तिच्या डोक्याकडची लाळेची गाठ ओढून काढली, काचेवर ठेवली, वर रंगाचा थेंब टाकला. अख्ख्या ओसरीवर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास. वरून दुसरी पातळ काच, तिच्यावर टीपकागद. "आता अंगठ्याने दाबा. सरळ. हलवायचं नाही."

मी दाबलं. कच्चकन आवाज झाला.

"हा अंगठा पत्रकं चिकटवायला ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि दुसरी अळी काढली.

दुसऱ्या वेळी दिसलं. शाळेच्या पुस्तकात गुणसूत्रं म्हणजे इंग्रजी एक्सच्या आकाराच्या काड्या असतात. इथे लांब, वळलेल्या, जांभळ्या दोऱ्या होत्या आणि त्यांच्यावर आडवे पट्टे: काही जाड, काही केसासारखे. या अळीच्या लाळेच्या पेशीत गुणसूत्रं फुगून अशी ढळढळीत होतात, म्हणून त्या पेशी घ्यायच्या. मॅडम गावोगावच्या अळ्यांचे पट्टे चित्रात उतरवून एकाशेजारी एक लावून बघतात.

"म्हणजे गावागावात माशीची जात निराळी?"

"जात म्हणू नका हो. तुमच्या पत्रकात गेलं की माशीलाही दाखला काढायला तहसीलला जावं लागेल." मग म्हणाल्या, "माशी एकच. पण तिला आयुष्य मिळतं दोन-तीन दिवसांचं. तेवढ्यात ती सोयरिकीला कुठे तिकडे लांब मुलचेऱ्याला जाणार? गावातल्या गावात लग्नं. अशा शंभर पिढ्या गेल्या की गावोगावच्या माश्यांत फरक पडतो. कदाचित."

हे 'कदाचित' मला पुढचे पाच दिवस पुरलं.

कुरखेडा

हमीदभाईंच्या दुकानात जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मॅडमनी गाडी नेमकी दारातच थांबवली, कारण त्यांना टीपकागदासाठी रद्दी हवी होती.

साठीचे, पांढऱ्या दाढीचे हमीदभाई पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावून मला नीट पाहिलं.

"अच्छा, तुम्ही होय? बसा ना. नाव बरोबर छापलं माहं, ताई. एक बी गलती नाई. अन् टाइप केवढा मोठा! माह्या लग्नाच्या पत्रिकेत बी एवढं मोठं नव्हतं."

मी म्हटलं, आम्ही शेतकऱ्यांच्या बाजूने आहोत, व्यक्तीशी आमचं वैर नाही.

"नाई नाई, बराबर हाय. पण व्यक्ती एकच बसून राह्यली ना दुकानात." हे ते हसतच बोलले, आणि मग हसू आवरलं. "अब्बांनी लावलेलं दुकान हाय. धानाच्या दिवसांत या फळीवर दहा माणसं बसून राहत. खरेदी नाई का काई नाई, नुसत्या गोष्टी. आता लोक रस्ता बदलून जातात. परवाना गेला तं एक येळ चालन. पण सलाम घेऊन नाई राह्यले लोक."

चहा आला. तो प्यावा की नाही यावर मी तत्त्वाचा विचार करत होते, तेवढ्यात कप संपलेलाही होता.

निघताना त्यांनी टेबलाच्या काचेखाली बोट दाखवलं. तिथे एक पिवळं पडलेलं पत्रक होतं. 'विषारी फवारणी सोडा! गादमाशीला न जुमानणारा वाण पेरा!' खाली वाणाचं नाव, त्याखाली आमच्या संघटनेचं. "मी कुठी शिकलेला मानूस? तुमच्याच कागदावर भरोसा ठेवला अन् माल आणला. दरसाली तोच आणतो." मी संघटनेत आले त्याच्या कितीतरी आधीचं ते पत्रक होतं. मी म्हटलं, वाण चांगलाच आहे, तुम्ही विकलेलं पोतं बोगस आहे. माझ्या आवाजात तेव्हा अजून जोर होता.

वच्छलाबाईंचं गाव कुरखेड्याहून सात-आठ किलोमीटर आत. नाव लिहीत नाही, बाईंनी मनाई केली आहे. "तुह्या कागदात आमचं नाव एक डाव आलं तेवढं बस झालं." त्या ढिवर घरातल्या. घर तलावाच्या मासोळीवर चालतं आणि दोन बांध्यांच्या धानावर. आम्ही पोचलो तेव्हा त्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून पाण्याच्या घमेल्यातली माशांची पिल्लं निवडत होत्या. पिल्लं कसली, पाण्यात हलणाऱ्या पापण्या. बाई बोटाच्या चिमटीने एकेक बाजूला सारत होत्या: "हा रोहू, हा कतला, हा मिरगल." मला सगळे सारखे दिसले. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "तुले दिसन तरी कसे? तुले तं माशी अन् गाळ सारखेच दिसते."

त्यांच्या बांधीत मात्र मला शोधावं लागलं नाही. एकेका चुडात, म्हणजे धानाच्या झुबक्यात, दोन-दोन, तीन-तीन पोंगे. वारा आला की चांगलं धान झुकायचं आणि पोंगे ताठ उभे राहायचे. बाईंनी एक उपटून माझ्या हातात दिला. "माह्या शब्दावर अकरा घरांनी हेच बियाणं पेरलं. मी म्हनलं होतं, हमीदभाई फसवत नाई. आता त्या घरच्या बायका मले विचारतात, काऊन वच्छले?" त्यांनी तो पोंगा परत घेतला आणि सोलून काढला. आतली अळी बघून मॅडमनी डबी पुढे केली.

अळ्या गोळा करता करता मॅडमनी सांगितलं की या माशीच्या एका मादीची सगळी लेकरं बहुधा एकाच वळणाची निघतात, सगळ्या पोरी नाहीतर सगळे पोरगे.

"माही माय!" वच्छलाबाई ओरडल्या. "सहा पोरी! अन् गाववाले तिले दवाई आनत होते बिचारीले!"

परतताना मी सहीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आधी मुलचेरा."

मुलचेरा

रस्त्याचं काही सांगत नाही. लांब आहे आणि खड्डे आहेत, एवढं पुरे. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली निर्वासितांची वसलेली गावं आहेत. दोन-तीन पिढ्या इथेच गेल्या, पण परसात पोखरी, म्हणजे छोटं तळं, खोदल्याशिवाय घराला घर म्हणत नाहीत. तिथे निताईदा नावाच्या शेतकऱ्याकडे मॅडमची ओळख होती. हमीदभाईंकडे जो ट्रक माल टाकतो तोच पुढे इथल्या दुकानालाही टाकतो, असं त्यांना कळलं होतं. आता फक्त पोत्यावरचा लॉट नंबर जुळतो का हे बघायचं होतं. वच्छलाबाईंच्या पोत्यावरचा मी वहीत लिहून आणला होता.

पोतं कुठे आहे, असं विचारल्यावर निताईदांच्या बायकोने हसून बांधीकडे हात केला. पाऊस भुरभुरत होता. निताईदा गवत काढत होते आणि रिकामं पोतं खोळ करून त्यांनी डोक्यावरून पाठीवर घेतलं होतं. लॉट नंबर त्यांच्या पाठीवर होता.

मी बांधावरून मागे मागे जायला लागले. चार आकडे दिसले की ते वाकायचे आणि पुढचे घडीत जायचे. मी म्हटलं, दादा, जरा उभे राहता का? त्यांना वाटलं, बाई फोटो काढते. ते तोंड माझ्याकडे करून छान उभे राहिले. मी म्हटलं, तोंड नको, पाठ! ते म्हणाले, "पीठ का फोटो? केनो, क्यों?" आणि वळले. मी पुढे वाकले, बांध निसरडा होता, आणि मी गुडघ्यापर्यंत मुलचेऱ्याच्या मातीत गेले. खरी गाद म्हणाल तर ती तिथे होती. दीड फूट.

पण नंबर वाचला. तोच होता. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

मग मी त्या चिखलाच्या कपड्यांनी सगळी बांधी फिरले. एकही पोंगा नाही. बियाणं तेच, लॉट तोच, ट्रक तोच. कुरखेड्याकडे पोंगेच पोंगे आणि इथे ठणठणीत धान. मला आनंद व्हायला हवा होता. माझा चेहरा बघून निताईदांनी विचारलं, कुणी वारलं का?

मी शेवटचा प्रयत्न केला. "इथे गादमाशीच नसेल!"

"आता कुठे तुम्ही बरोबर प्रश्न विचारला," मॅडम म्हणाल्या. "चोरच नसेल तर कुलपाची काय परीक्षा? शोधा माशी."

ती शेजारच्या बांधीत सापडली. शेजाऱ्याने घरचा जुना वाण लावला होता आणि त्यात पोंगे होते, हवे तेवढे. मधे एक हातभर बांध. माशी इथेही होती, उडून येऊ शकत होती, येतही असणार. निताईदांच्या धानात तिची अळी जगत नव्हती. तिकडे वच्छलाबाईंच्या गावात तेच धान ती आरामात खात होती.

जेवायला माशाचं झोल, म्हणजे पातळ रस्सा, आणि भात होता. एव्हाना मी भाकरीबद्दल बोलणं सोडलं होतं. निताईदांची बायको ताटात मासा वाढत म्हणत होती, "काटा देखके, दीदी." मॅडम काटे काढता काढता साध्या शब्दांत सांगत होत्या, आणि मला प्रत्येक वाक्य ऐकावं लागत होतं. निताईदांचं हे या वाणाचं पहिलंच वर्ष. वच्छलाबाईंच्या गावात मात्र वर्षानुवर्षं बांधाला बांध लावून हा एकच वाण. हजारो अळ्या मेल्या असतील. एखाददुसरी अशी निघाली की जिला हे धान पचलं. ती जगली, तिची लेकरं जगली, आणि त्यांच्यासाठी सगळं गाव वाढून ठेवलेलं.

"म्हणजे वाण एकच लावला ही चूक," मी म्हटलं. "पण तो तर आम्हीच..." काचेखालचं ते पिवळं पत्रक माझ्या डोळ्यांपुढे आलं. दरसाली तोच आणतो, असं हमीदभाई म्हणाले होते.

"फवारणी सोडा हे बरोबरच होतं," मॅडम म्हणाल्या. "पण त्यात 'दर दोन-तीन वर्षांनी वाण बदला' अशी एक ओळ पाहिजे होती."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला पत्रक आलं नव्हतं. मी शहरात राहते ना."

दुपारी त्यांनी दोन्हीकडच्या अळ्यांच्या काचा शेजारी शेजारी मांडल्या. मी आळीपाळीने बघितलं. मला दोन्हीकडे जांभळ्या दोऱ्या दिसल्या. मी विचारलं, यावरून सिद्ध झालं ना? मॅडम म्हणाल्या, एका जागी फरक दिसतो आहे, पण मोजक्या अळ्यांवरून काही बोलता येत नाही. पट्ट्यांतला हा फरक आणि धान पचणं यांचा संबंध आहे की नाही तेही अजून कळलेलं नाही. "बियाणं खरं आहे, हे बांधीत दिसलं. माश्यांची वागणूक दोन ठिकाणी वेगळी, हेही बांधीत दिसलं. गुणसूत्रांचं म्हणाल तर, कदाचित."

"या 'कदाचित'ची घोषणा कशी करू हो मी?"

"नका करू. बाकी सगळे करतातच."

पुन्हा कुरखेडा

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही वच्छलाबाईंच्या अंगणात होतो. अर्ज त्यांच्या ट्रंकेत, वर लुगड्याची घडी. मी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू सांगतं म्हनून नाई. मले पाहू दे."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाच्या आरशाचं तोंड उन्हाकडे करून दोन्ही काचा आळीपाळीने लावल्या, कोणती कुठली ते सांगितलं नाही. बाईंनी एक डोळा घट्ट मिटला. "हे तं चुडे होत. बांगड्या भरल्यावाणी." पहिली काच, दुसरी काच, परत पहिली. मग म्हणाल्या, "या दोघी एका घरच्या नोहे. हिच्या इथी दोन बारक्या बांगड्या हायत. तिच्या इथी एकच, पन जाडी."

मॅडमनी वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मला दोन दिवसांत जे दिसलं नव्हतं ते बाईंना अर्ध्या मिनिटात दिसलं होतं.

"कसं कळलं?" मी विचारलं.

"कतला अन् रोहू निवडून निवडून डोळे गेले माहे, अन् तू विचारतं कसं कळलं."

त्यांनी ट्रंकेतून अर्ज काढला, माझ्यासमोर उभा फाडला आणि चुलीत घातला. मला वाटलं, झालं. मी हमीदभाईंना फोन लावून म्हटलं, अर्ज गेला, परवान्याला धोका नाही, मी लेखी माफीही देते.

"माफी द्या ना, मेहरबानी," हमीदभाई म्हणाले. "पण कागद कोण वाचते, ताई? बात तं दवंडीनं गेली होती."

तेव्हा मला कळलं की माझ्या पाचशे प्रतींनी काहीच झालं नव्हतं. त्यातल्या निम्म्या बाजारात भजी बांधायला गेल्या. गावोगाव जे पोचलं ते कोतवाल देवाजीभाऊंनी डफडं वाजवून पोचवलं होतं, आणि त्यांनी माझा दोन पानी मजकूर आपल्या सोयीने एका ओळीत बसवला होता: 'हमीदभाईनं धोका देल्ला होऽऽ!' या भागाचा रिवाज असा की जे दवंडीने गेलं ते दवंडीनेच परत आणायचं, आणि ज्याने धाडली त्याने कोतवालाच्या मागे चालायचं, म्हणजे परत घेणारा कोण ते लोकांना दिसतं. आमच्या मिरजेत चूक झाली की खुलासा येतो, चौथ्या पानावर, कोपऱ्यात. ती पद्धत किती सुखाची आहे हे मला त्या दिवशी समजलं.

देवाजीभाऊ वाळकेसे, गंभीर. मी त्यांना मजकूर लिहून दिला: सदर वाणाचं बियाणं अस्सल असून स्थानिक गादमाशीच्या समूहात कालांतराने बदल झाल्यामुळे... त्यांनी तो कागद लांब धरून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "समजलं. चाला."

कुरखेड्याचा बाजार भरला होता. झिंग्यांचे ढीग, मडकी, टोपल्या, मिरच्या. डफडं वाजलं आणि सगळी डोकी वळली.

"ऐका होऽऽ! हमीदभाईचं बी खरं हाय होऽऽ! माशी बदलली हाय होऽऽ! कागदवाली बाई चुकली हाय होऽऽ! हे मांगं येऊन राह्यली ते होऽऽ!"

मी मागे चालत होते. बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. "हेच का वो?" "बारकीच हाय." "गाद उपसनारी का?" एका म्हाताऱ्याने मला थांबवून मूठभर मुरमुरे दिले, बहुधा दयेने. तीन वेळा थांबून दवंडी झाली. वच्छलाबाई माझ्या शेजारून चालत होत्या. त्यांनी चालायचं काही कारण नव्हतं. अकरा घरांतल्या ज्या ज्या बाया दिसल्या त्यांच्याकडे मात्र त्या थांबून थांबून बघत होत्या.

चौथा थांबा हमीदभाईंच्या दुकानासमोर. ते पायरीवर उभे होते. दवंडी झाली. मग एक शेतकरी पुढे आला, हमीदभाईंना त्याने सलाम केला. त्यांनी घेतला. दुसरा आला. मला हमीदभाईंकडे बघवेना, म्हणून मी पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिले.

तेवढ्यात गर्दीतून एका बाईने विचारलं, मला, सरळ: "मंग पुढच्या साली पेराव काय वो, बाई? हे बी तं माशी खाऊन राह्यली."

माझ्याकडे उत्तर नाही असं माझ्या कामात कधी झालं नव्हतं. उत्तर आधी असतं, प्रश्न मग शोधतो आम्ही. मी मॅडमकडे पाहिलं. त्या टोपीचा पट्टा नीट करत होत्या. मी म्हटलं, "माहीत नाही. तीन-चार वाण इथे पेरून बघावे लागतील, इथली माशी कोणता सोडते ते. तोपर्यंत मला माहीत नाही."

देवाजीभाऊंना वाटलं, हेही मजकुरातच आहे. त्यांनी डफडं उचललं.

"काय पेराचं ते बाईले माहीत नाई होऽऽ!"

बाजार हसला. हमीदभाई पायरीवरून ओरडले, "देवाजी, हे बी तीनदा म्हन! एवढी खरी बातमी या बाजारात कधी आली नाई."

देवाजीभाऊंनी तीनदा म्हटलं.